बॉक्स्टर किंवा ९११ चा कूलंट होज फुटला तर? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनी वॉटर-कूल्ड पोर्शे घेतलेल्या आपल्या मंडळींकडून हे प्रश्न सारखे येत असतात. पुण्या-मुंबईतले विचारतात, अमेरिकेत किंवा इंग्लंडात बॉक्स्टर परवडते म्हणून घेतलेलेही विचारतात. बहुतेक वेळा प्रश्न येतो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभी असते आणि तेव्हा नीट समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. गाडी ठणठणीत आहे तेव्हाच वाचून ठेवा.

हे नक्की कुठल्या गाड्यांबद्दल आहे?

मुख्यतः बॉक्स्टर आणि केमन (पोर्शेचे मॉडेल क्रमांक ९८६, ९८७) आणि ९११ मधल्या ९९६, ९९७ या पिढ्या. १९९६ ला बॉक्स्टर आली, १९९७ ला ९९६ आली, त्याच्या आधीची ९११ म्हणजे ९९३ पर्यंत सगळी एअर-कूल्ड, त्यामुळे रेडिएटरचा होज (रबरी नळी) फुटणे हा विषयच तिथे नव्हता. या नव्या गाड्यांत इंजिन मधे किंवा मागे आणि रेडिएटर मात्र पुढच्या बंपरमधे, दोन्ही कोपऱ्यात एकेक, बॉक्स्टर एस सारख्या काही मॉडेलना मधोमध तिसरा. म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) अख्ख्या गाडीच्या लांबीभर पुढे जातो आणि परत मागे येतो, गाडीच्या पोटाखालून अॅल्युमिनियमचे लांब पाइप आणि प्रत्येक जोडाला रबरी होज. साध्या हॅचबॅकमधे चार-सहा लिटर कूलंट असतो, इथे वीस लिटरच्या आसपास, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. जोड जास्त म्हणजे फुटायच्या जागा जास्त, एवढं साधं गणित आहे. टोयोटा एमआर२ किंवा लोटस एलिसवाल्यांनाही बरंचसं हे लागू पडतं, कारण मांडणी तशीच, इंजिन मधे आणि रेडिएटर पुढे.

चालत्या गाडीत होज गेला, पहिल्या मिनिटात काय करू?

इंजिन बंद. बाकी सगळं नंतर.

पण बंद करण्याआधी गाडी सुरक्षित जागी आणा, आणि हे दहा-वीस सेकंदात उरकायचं काम आहे, दोन किलोमीटरचं नाही. अॅक्सिलरेटर सोडा, एसी बंद, इंडिकेटर डावीकडे, हळूच कडेला घ्या. एक लक्षात ठेवा की इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मदत करणारं व्हॅक्युम एक-दोन वेळा दाबण्यापुरतंच उरतं, त्यामुळे घाटात उतारावर चालत्या गाडीचं इंजिन घाईघाईने बंद करू नका, गाडी जवळजवळ थांबली की मगच बंद करा.

आणि हो, झटके देऊन वळवू नका. या गाड्यांत इंजिन मागच्या चाकांच्या जवळ, त्यामुळे मागचा होज फुटला की कूलंट थेट मागच्या टायरवर किंवा टायरसमोर पडतो आणि ग्लायकॉल भयंकर घसरडं असतं. खंडाळ्याच्या उतारावर वळण घेताना मागची चाकं सुटली तर होजचा खर्च ही सगळ्यात लहान गोष्ट राहील.

थांबल्यावर हॅझर्ड लाईट, त्रिकोण मागे बराच लांब, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून बॅरिअरच्या पलीकडे उभं राहायचं. एक्स्प्रेसवेवर तर हे आधी, फोन नंतर.

होज फुटलाय हे कळतं कसं? दुसरं काही असेल तर?

तीन गोष्टी सहसा एकत्र येतात. गोडसर वास, जळालेल्या गुळासारखा, एसी चालू असेल तर आतही येतो. मागून पांढरी वाफ, आणि आरशात बघून बऱ्याच जणांना वाटतं धूर येतोय. तिसरी म्हणजे टेंपरेचर गेजमधला लाल दिवा. हा दिवा लेव्हल कमी झाली तरी लागतो, म्हणजे काटा वर जायच्या आधीच तो तुम्हाला सांगत असतो, पण लोक काटा बघतात, काटा जागेवर दिसला की दिव्याकडे दुर्लक्ष करतात. तसं करू नका, दिवा लागला की थांबा.

पण काटा तर ८० च्या आसपासच होता, उलट थोडा खाली आला. मग गाडी तापली नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, कारण इथेच इंजिनं जातात. टेंपरेचर सेन्सर हा कूलंटमधे बुडालेला असतो आणि कूलंटचं तापमान सांगतो, धातूचं नाही. कूलंट बाहेर गेला की सेन्सर हवेत किंवा वाफेत लटकतो आणि त्याला खरी उष्णता पोचतच नाही. मग काटा खोटं सांगतो, स्थिर राहतो किंवा खालीही येतो, आणि त्याच वेळी हेडमधलं (सिलिंडरवर बसणाऱ्या भागातलं) अॅल्युमिनियम तापत असतं. त्यामुळे वाफ दिसली, वास आला, दिवा लागला आणि काटा मात्र नॉर्मल, तर तो चांगला निकाल धरू नका, कूलंट संपलाय असंच धरा.

हळूहळू चालवत पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेली तर चालेल?

नाही. मला माहितीये पंप तीन किलोमीटरवर आहे आणि ऊन डोक्यावर आहे आणि घरचे सोबत आहेत, तरी नाही. होज हा तुलनेने स्वस्त तुकडा आहे, सोबतचे क्लॅम्प आणि कूलंट धरूनही तो खर्च गाडीच्या मानाने किरकोळ असतो. कूलंटशिवाय काही मिनिटं इंजिन चालवलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, या फ्लॅट-सिक्स (आडव्या सहा सिलिंडरच्या) इंजिनांत हेडला तडाही जातो, आणि मग इंजिन खाली काढून उघडायचं बिल येतं जे पाहून लोक गाडीच विकायला काढतात. लोक ९८६-९९६ घेताना आयएमएस बेअरिंगच्या (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगच्या) नावाने घाबरलेले असतात, त्यावर पानंच्या पानं वाचून येतात, पण कूलिंगकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते तरी जास्त मोलाची काळजी ही दुसरी आहे कारण ती तुमच्या हातात आहे.

हीटर फुल करून चालवा हा जुना सल्लाही लोक देतात. कूलंट फिरत असेल आणि फॅन बंद पडून वगैरे गाडी तापत असेल तर त्याने थोडी मदत होते. पण होज फुटून कूलंटच नाही तर हीटरमधे फिरायला काही नाहीच, तेव्हा तो उपाय इथे लागू नाही.

झाकण कधी उघडायचं?

गार झाल्यावर, आणि गार म्हणजे हाताला गार. एक्स्पान्शन टँकवर (झाकण असलेल्या कूलंटच्या टाकीवर) तळहात ठेवून आरामात राहिला पाहिजे. पाऊण तास, एक तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

कारण सांगतो. पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं. अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ ला उकळतं, आणि झाकणाने एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका, जादा दाब धरून ठेवला की तेच १२९ च्या आसपास जातं. म्हणजे बंद सिस्टीममधे ते ११५ डिग्रीला असेल तरी शांत द्रव असतं, पण झाकण फिरवून दाब काढला की त्याच क्षणी उकळी फुटते आणि ते तोंडावर येतं. चेहरा आणि हात भाजतात, आणि या भाजण्याला मलम लावून घरी बसता येत नाही, दवाखान्यात जावं लागतं. शेवटी उघडाल तेव्हाही जाड फडकं टाकून, तोंड बाजूला करून, थोडं थोडं फिरवत.

बॉक्स्टरवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कूलंटचं निळं झाकण मागच्या डिकीत आहे आणि ऑईल टाकायचं तोंड त्याच्या अगदी शेजारी. घाईत, अंधारात, मदतीला आलेल्या माणसाच्या हातून ऑईलच्या तोंडात पाणी जाऊ शकतं. बाटली स्वतःच्या हाताने ओता.

रस्त्यावर तात्पुरती दुरुस्ती होते का?

होते, पण होज कसा फुटलाय त्यावर आहे. क्लॅम्प ढिला होऊन होज निसटला असेल तर सगळ्यात सोपं, परत बसवून क्लॅम्प आवळा. होज क्लॅम्पच्या अगदी जवळ चिरला असेल आणि लांबी थोडी सुटी असेल तर चिरलेलं टोक ब्लेडने सरळ कापून पुन्हा चढवता येतं. मधेच चीर असेल तर सेल्फ-फ्यूजिंग सिलिकॉन टेप, ही टेप गाडीत कायम ठेवा. होज कोरडा आणि स्वच्छ पुसून टेप दुप्पट-तिप्पट ताणून गुंडाळायची, अर्धी अर्धी एकमेकांवर चढवत, चिरेच्या दोन्ही बाजूंना चांगली पुढे नेऊन. ओल्यावर ती धरत नाही. टेप नसेल तर आपल्या गॅरेजवाल्यांची सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची पद्धत पण काही काळ तग धरते, मी नावं ठेवणार नाही. साधी इन्शुलेशन टेप किंवा पॅकिंगची टेप मात्र गरम होजवर सुटून येते.

हे करून फक्त धोक्याच्या जागेवरून हलायचं, घाटातल्या वळणावरून सपाटीला, बोगद्यातून बाहेर. त्यावर पुणे गाठायचं नाही. आणि गाडीच्या पोटाखाली मधल्या भागात जोड गेला असेल तर रस्त्यावर काहीच करता येत नाही कारण जमिनीपासून उंचीच नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, मदतनीस कितीही तयार असला तरी.

साधं पाणी टाकलं तर चालेल? बिसलेरी?

अडचणीत चालेल, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो, म्हणून घाई नको. बाटलीबंद पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरं, बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. पण गॅरेजला पोचल्यावर सगळं काढून नीट मिश्रण भरायचं, डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी आणि कंपनीने मान्य केलेला कूलंट. नुसत्या पाण्यात गंजरोधक काही नसतं आणि थंड देशात राहणाऱ्यांना तर ते गोठूनच दुसरं नुकसान करेल, अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. जुना हिरवा कूलंट आणि पोर्शेचा लाँग-लाइफ एकत्र करू नका, वेगवेगळ्या रसायनांची भेसळ झाली की चिकट गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

टोचन करून नेऊ का?

फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा आणि फोनवरच सांगा की गाडी खाली आहे, लाकडी फळ्या घेऊन या, नाहीतर पुढचा बंपर रॅम्पवर घासतो, आणि रेडिएटर तिथेच आहेत. ओढायचा हुक टूलकिटमधे असतो, पुढच्या बंपरमधलं छोटं झाकण काढून तो आट्यांनी आत फिरवायचा. दोरी सस्पेन्शनच्या आर्मला बांधायला देऊ नका.

गॅरेजमधे लीक नक्की कुठे आहे हे कसं शोधायचं?

मोठी फूट असेल तर दिसतेच. त्रास देतात त्या बारीक गळत्या, ज्यात दर आठवड्याला थोडी लेव्हल उतरते आणि खाली थेंब सापडत नाही. त्यासाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर, झाकणाच्या जागी अॅडॅप्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि पंधराएक मिनिटं सुई बघायची. गार इंजिनावर एकदा आणि कोमट असताना एकदा, कारण काही जोड गार असतानाच गळतात आणि गरम झाले की फुगून बंद होतात. झाकणही तपासायचं, जुन्या झाकणाने दाब धरला नाही तर कूलंट बाहेर फेकला जातो आणि लोक होज बदलत बसतात. पोर्शेने या झाकणात वेळोवेळी सुधारणा केल्या, भाग क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघा, ०४ वाला नंतरचा आहे.

९८६ मधे डिकीतलं कार्पेट ओलं आणि चिकट लागलं तर आधी एक्स्पान्शन टँक बघा, होज नाही. हा प्लास्टिकचा टँक वयाने तडकतो, आणि तडा बऱ्याचदा मागच्या बाजूला असतो जिथे नजर जात नाही. कार्पेट पूर्ण उचलून हात घालून बघायचं.

जोडाभोवती वाळलेली गुलाबी किंवा पांढरी पापडी दिसली तर तिथून कधीतरी गळून गेलंय. आणि पार्किंगमधले उंदीर विसरू नका. पावसाळ्यात ते गरम इंजिनापाशी येऊन बसतात आणि होज कुरतडतात, दातांच्या दोन समांतर खुणा दिसतात.

होज बाहेरून नव्यासारखा होता, तरी फुटला कसा?

कारण तो आतून जातो. होज ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा, मधे धाग्यांचं विणकाम. कूलंट, धातूचं नळीचं तोंड आणि रबर यांच्यात बारीक विद्युत-रासायनिक क्रिया चालू असते, तिच्यामुळे आतल्या बाजूने केसाएवढ्या चिरा पडत जातात, आणि त्या बहुतेक टोकांजवळ, क्लॅम्पपासून बोटभर अंतरात. चीर धाग्यापर्यंत पोचली की धागा कूलंट शोषतो, कुजतो, आणि मग एक दिवस घाट चढताना दाब वाढला की लांब फाटतो. बाहेरून तोवर काळा आणि चकचकीत, आणि वर कोणी ड्रेसिंग मारून चमकवलेला असेल तर अजूनच फसवा.

म्हणून डोळ्याने बघण्यापेक्षा हाताने बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, गार असताना, होजचा मधला भाग अंगठा आणि बोटात दाबा, मग टोकाजवळचा भाग दाबा, आणि दोन्हींची तुलना करा. टोकाला जास्त मऊ लागलं, दाबल्यावर आत कुरकुर जाणवली, किंवा उलट लाकडासारखं कडक झालंय, तर तो होज संपला. क्लॅम्पच्या मागे फुगवटा दिसला तरी संपला. ऑईल गळून होजवर पडत असेल तर ईपीडीएम फुगून मऊ होतं, तिथे आधी ऑईलची गळती थांबवा नाहीतर नवा होजही तसाच जाईल.

एकच बदलू की सगळे?

वीस वर्षांच्या गाडीत एक फुटला असेल तर बाकीचे त्याच वयाचे आहेत, त्याच उष्णतेत राहिलेत. माझं मत स्पष्ट आहे, दहा-बारा वर्षांपुढच्या गाडीत सगळे एकदम. किलोमीटर कमी आहेत हा मुद्दा इथे चालत नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पैसे एकदम नसतील तर इंजिनजवळचे आधी, कारण तिथे उष्णता जास्त आणि तिथला फुटला तर टायरवर सांडतं, मग पोटाखालचे जोड, मग पुढचे. कूलंट काढलाच आहे तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट पण बघून घ्या, वॉटर पंपाच्या बेअरिंगमधे हाताने हलवल्यावर जरा जरी खेळ असेल तर बदला, परत तेच सगळं उघडायची मजुरी वाचते. परदेशातून भाग मागवायला वेळ लागतो, त्यामुळे गाडी उघडायच्या आधी यादी करून सगळं हातात ठेवा. उघडी गाडी महिनाभर लिफ्टवर अडकून पडली की गॅरेजवाला आणि मालक दोघांची चिडचिड होते.

सिलिकॉनचे रंगीत होज लावू का?

उष्णता ते छान सोसतात आणि टिकतात. पण दोन गोष्टी बघा. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपते, त्यामुळे लेव्हलवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. आणि ते मऊ असतात, साध्या खाचेवाल्या जुबली क्लॅम्पच्या खाचांतून रबर बाहेर येतं आणि कापलं जातं, म्हणून आतून सलग पट्टी असलेले क्लॅम्प लागतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी तरी मूळ कंपनीचेच होज सुचवतो. निळा-लाल रंग दिसायला मस्त वाटतो हे मान्य, पण स्वस्त सेटमधे वळणांचे कोन जुळत नाहीत, होज ताणून बसवला जातो आणि मग तो टोकाला निसटतो.

आणि क्लॅम्प कुठले?

मूळचे स्प्रिंगचे क्लॅम्प चांगले असतात, लोक उगाच ते फेकून स्क्रूचे लावतात. रबर गरम-गार होताना जाड-पातळ होतं आणि स्प्रिंग त्याच्याबरोबर आवळते-सैल होते, स्क्रूवाला तसाच राहतो म्हणून गार असताना गळतो. गंजले असतील तर नवे स्प्रिंगचेच घ्या. त्यासाठी तारेची लांब केबल असलेली क्लॅम्प-पक्कड मिळते, ती घ्या, साध्या पकडीने बोटं सोलवटतात.

होज स्वतः बदलता येतो का?

पुढचे येतात, बंपर आणि चाकांचे लायनर काढायची तयारी असेल तर. मागचे अवघड, बॉक्स्टरमधे इंजिनापर्यंत पोचायला सीटच्या मागून आणि खालून जावं लागतं. चार पक्के स्टँड हवेत.

जुना होज चिकटलेला असतो, स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, अॅल्युमिनियमच्या तोंडाला चर पडतो आणि प्लास्टिकचं तोंड तर तुटतंच. होज उभा चिरून सोलून काढा, ब्लेड तोंडाला लागू न देता. तोंडावरचा पांढरा गंज हिरव्या स्क्रबरने साफ करा, बोट फिरवून बघा, खडबडीत राहिलं तर नवा होज पण तिथून गळेल. चढवताना आतून थोडा कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑईल अजिबात नको. होज कडेच्या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण गेला पाहिजे आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही.

भरल्यावर गाडी परत तापते, असं का?

आत हवा अडकलीये. एवढे लांब पाइप, पुढे रेडिएटर वर-खाली, हवा कुठेही फुगा धरून बसते. यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे व्हॅक्युम फिलर, कंप्रेसरने आधी सिस्टीममधली हवा ओढून काढायची आणि मग तोच व्हॅक्युम कूलंट आत खेचतो. यात एक फायदा फुकट मिळतो, व्हॅक्युम टिकला नाही तर कूलंट भरायच्या आधीच कळतं की कुठेतरी जोड सैल आहे. साधन नसेल तर टँकजवळच्या ब्लीड व्हॉल्व्हची (हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) तारेची क्लिप वर करून, हीटर गरमवर ठेवून, इंजिन चालवत थोडं थोडं भरत राहायचं, घाई न करता, मॅन्युअलमधे दिलेल्या पद्धतीने. दोन्ही रेडिएटरमधून सारखी गरम हवा आली पाहिजे, आत हीटरची हवा कडक गरम आली पाहिजे. पहिले काही दिवस रोज सकाळी गार असताना लेव्हल बघायची.

माझी टर्बो किंवा जीटी३ आहे, माझ्याकडे वेगळं काही?

हो, आणि हे नीट वाचा. ९९६ ची टर्बो, जीटी२, जीटी३, ९९७ ची पहिल्या टप्प्यातली टर्बो, जीटी२ आणि ९९७ च्या सगळ्या जीटी३, यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं. १९९८ ला ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या ९११ जीटी१ मधे याच घराण्याचं इंजिन होतं, इतकं मजबूत. पण यात कूलंटच्या काही नळ्यांची तोंडं अॅल्युमिनियमच्या घरात इपॉक्सीने चिकटवलेली आहेत. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तो चिकटा सुटतो आणि नळी होजसकट बाहेर येते, मग लिटरच्या लिटर कूलंट एकदम मागच्या टायरसमोर. २०१३ मधे अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, २००१ ते २००७ च्या या गाड्यांबद्दल चौकशी सुरू केली होती ती याच कारणासाठी.

इलाज दोन. तोंडं वेल्ड करून घेणे, किंवा बारीक स्क्रू आडवे घालून पिन करणे. वेल्ड चांगलं, पण अॅल्युमिनियमचं वेल्डिंग जमणारा हात हवा. दोन्हीसाठी इंजिन खाली काढावं लागतं, म्हणून क्लच किंवा दुसऱ्या कामासाठी इंजिन उतरणार असेल तर तेव्हाच करून घ्या. नुसतं परत चिकटवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

गाडी तापली होती. इंजिन वाचलं का हे कसं कळेल?

होज बदलून स्टार्ट करून चालतेय म्हणजे वाचलं असं लगेच धरू नका. ब्लॉक टेस्टर नावाचं साधन असतं, टँकच्या तोंडावर धरायचं, आतलं निळं लिक्विड पिवळं झालं तर ज्वलनाचा गॅस कूलंटमधे येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड गेलं. पुढची पायरी लीक-डाउन टेस्ट, एकेका सिलिंडरमधे हवा भरून टँकमधे बुडबुडे येतात का बघायचे. ऑईलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाची साय दिसली तर ऑईलमधे पाणी असू शकतं, पण बॉक्स्टरचं ऑईलचं नळकांडं लांब आहे आणि थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तर नुसत्या दमटपणानेही तिथे थोडी साय जमते, तेव्हा घाबरून लगेच इंजिन उघडायला देऊ नका. डिपस्टिकचं ऑईल आणि टँकमधला कूलंट बघा. तिथेही मिसळलेलं दिसलं तर गाडी चालू न करता गॅरेजला.

विमा देतो का?

साध्या पॉलिसीत झीज, मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि त्यातून पुढे झालेलं नुकसान धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन असेल तर त्यातल्या अटी वाचा, होज फुटल्यावर तशीच चालवली असं दिसलं की तिथेही अडवतात. गाडी थांबवल्याचे फोटो, वेळ, टोइंगची पावती जपून ठेवा.

ट्रॅक डेला जायचंय, काय बघू?

आयोजकांना आधी विचारा, बरेच ट्रॅक ग्लायकॉल चालू देत नाहीत, साधं पाणी आणि गंजरोधक अॅडिटिव्ह मागतात, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडला की साफ करणं अवघड आणि मागून येणारा घसरतो. परत रस्त्यावर आणताना पुन्हा कूलंट भरायला विसरू नका. जर्मनीत राहणारे आणि नुर्बुर्गरिंगला जाणारे, तिथे २०.८ किलोमीटरचा लॅप आहे, काही गळतंय अशी शंका आली की रेसिंग लाइनवरून बाजूला घेऊन तिथेच थांबायचं आणि कळवायचं, गळत गळत लॅप पूर्ण करायचा नाही. जोरात चालवल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, शेवटचा लॅप हळू घ्या. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं आतलं तापमान अजून वाढतं आणि कमजोर होज तेव्हाच गळायला लागतो, म्हणून पिटमधे आल्यावर पाच मिनिटांनी गाडीखाली वाकून बघा.

सांडलेल्या कूलंटचं काय करायचं?

लगेच पुसायचं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची किडनी जाते. सोसायटीच्या पार्किंगमधे सांडलं तर माती किंवा भुसा टाकून शोषून घ्या, गोळा करा, मग भरपूर पाण्याने धुवा. काढलेला कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमधे भरून गॅरेजला द्या. कुणाच्या कुत्र्याने चाटल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे, पहिल्या काही तासांतच उपचाराचा उपयोग असतो.

जुनी घ्यायला चाललोय, कूलिंगचं काय बघू?

गाडी गार असताना बघायला जा, आधीच स्टार्ट करून ठेवू नका असं मालकाला सांगा. डिकीतलं कार्पेट, टँकची मागची बाजू, हात पोचेल ते होज दाबून. पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांत टॉर्च मारा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधे पानं, माती, प्लास्टिकच्या पिशव्या साचतात, ओलावा धरतात आणि रेडिएटर खालच्या कडेने गंजतो. कोकणातली किंवा समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन. मग लांब चक्कर मारा, एखादा चढ असलेली, परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्पा मारा आणि त्यानंतर पुन्हा खाली बघा. बिलांमधे होज, टँक, वॉटर पंप कधी बदलले ते शोधा, आणि त्यातलं एकही बिल नसेल तर तो सगळा खर्च किमतीतून कमी करून मागा.